मातीचा किल्ला कोणत्या यादीत बसतो?

२०२५ साली दोन बातम्या पाच महिन्यांच्या अंतराने आल्या. जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. डिसेंबरात दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरलेल्या बैठकीत दिवाळी युनेस्कोच्याच दुसऱ्या एका यादीत गेली. त्या यादीला मराठीत ‘अमूर्त सांस्कृतिक वारसा’ म्हणतात. म्हणजे किल्ले मूर्त आणि दिवाळी अमूर्त. वर्तमानपत्रांनी तसं छापलं, शाळांच्या फळ्यांवर तसं लिहिलं गेलं. मग दिवाळीच्या सुट्टीत आपली मुलं अंगणात जो किल्ला करतात, तो कुठे बसवायचा? विटा आणि दगड रचून त्यावर गोणपाट टाकायचं, गोणपाटावर चिखल थापायचा, उतारावर अळीव पेरून हिरवळ उगवायची वाट पाहायची आणि वर महाराजांना बसवून बुरुजाबुरुजावर मावळे उभे करायचे. पोरं कोपरापर्यंत चिखलात असतात. दिवाळीतली ही महाराष्ट्राची खास गोष्ट, आणि ती पहिल्या विटेपासून शेवटच्या मावळ्यापर्यंत हाताने चाचपता येते. तिला अमूर्त म्हणायचं ते कोणत्या अर्थाने?

या शब्दावरून माझ्या ओळखीच्या शिक्षकांत आणि भाषांतर करणाऱ्या मंडळींत त्या महिन्यात बरीच वादावादी झाली. एक बाजू म्हणत होती की ‘अमूर्त’ हा शब्द जड आहे, कोणाला कळत नाही, सरळ मूळ इंग्रजी ‘इंटँजिबल’ लिहा. दुसरी बाजू म्हणत होती की ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आणि आता आपणच आपले शब्द जड म्हणून टाकून द्यायचे का? दोन्ही बाजू तळमळीने बोलत होत्या, पण वाद चुकीच्या जागी अडकला होता. शब्द सोपा की अवघड, देशी की परका, एवढंच तोलून झालं. तो शब्द काय दाखवतो आणि काय झाकतो, हे कोणी विचारलं नाही. माझं म्हणणं असं आहे: ‘अमूर्त’ हा उत्तम मराठी शब्द आहे. तो गणिताला लागू आहे, वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रांबद्दल बोलताना कामाचा आहे (त्यांना स्वतःला ‘ॲबस्ट्रॅक्ट’ हे लेबल पसंत नव्हतं, तो भाग वेगळा). वारशाला मात्र तो लावू नये. अवघड आहे म्हणून नव्हे. तो ज्या गोष्टीचं नाव सांगायला घेतला आहे तिच्यातला माणूसच पुसून टाकतो, म्हणून.

‘अमूर्त’च्या बाजूने पहिला मुद्दा परंपरेचा आहे, आणि तो हलका नाही. बृहदारण्यक उपनिषदात ब्रह्माची दोन रूपं सांगितली आहेत, एक मूर्त आणि एक अमूर्त. इतका जुना, इतका कसलेला शब्द हाताशी असताना दुसरा कशाला शोधायचा? ठीक आहे, उपनिषदाकडेच जाऊ. तिथे वायू आणि अंतरिक्ष हे अमूर्त आणि बाकीचं सारं मूर्त. पण वारा अंगाला लागतो. म्हणजे शब्द जन्मला तेव्हाच त्याचा स्पर्शाशी संबंध नव्हता. पुढे न्याय-वैशेषिकांनी हिशेब बदलला. त्यांच्याकडे मूर्त द्रव्यं पाच: पृथ्वी, पाणी, तेज, वायू आणि मन. ज्याला मर्यादित परिमाण आहे, जे हलू शकतं, ते मूर्त. वारा इकडून तिकडे आला, आणि ज्याला कधीच कोणी हात लावू शकणार नाही ते मनही मूर्तांत बसलं. जैनांच्या तत्त्वज्ञानात तिसरीच मांडणी आहे. स्पर्श, रस, गंध आणि वर्ण असलेलं पुद्गल, म्हणजे जडद्रव्य, तेवढं मूर्त, बाकीची द्रव्यं अमूर्त. इथे कुठे स्पर्श हे मूर्ताचं लक्षण म्हणून येतं, पण तेही इतर तिघांबरोबर. ज्या परंपरेची साक्ष काढायची, तिच्यातच या शब्दाचे तीन अर्थ आहेत, आणि त्यांतला एकही लावणीला किंवा गोंधळाला धड बसत नाही.

उपनिषदातलं ते वाक्य इथे संपत नाही. मूर्त म्हणजे मर्त्य, स्थिर. अमूर्त म्हणजे अमृत, चालतं, असं ते पुढे सांगतं. चालतं हे विशेषण आपल्या परंपरांना छान शोभतं, हे मी मान्य करते. पण अमृत? दगडी तटबंदी साडेतीनशे वर्षं पावसाळे खाऊन उभी आहे. तिच्या पायथ्याशी म्हटला जाणारा एखादा जुना पोवाडा मात्र तो म्हणता येणारा शेवटचा म्हातारा गेला की त्याच दिवशी जातो. जिला आपण अमूर्त म्हणतो ती गोष्ट सगळ्यांत मर्त्य असते. काही वर्षांपूर्वी लोककलावंतांच्या नोंदी करण्याच्या एका शिबिरात मी अर्ज वाचून दाखवण्याचं काम करत होते. ‘अमूर्त वारसा’ असं मी दहा वेळा म्हटलं असेन. दुपारी चहाच्या वेळी कळलं की निम्म्या लोकांना ते ‘अमृत वारसा’ ऐकू आलं होतं. तेव्हा मला ती ऐकण्यातली चूक वाटली. नंतर उपनिषद उघडल्यावर लक्षात आलं की त्यांच्या कानाला जो अर्थ लागला, तोच त्या शब्दाच्या पोटात आहे. आणि तोच इथे घातक आहे. जे अमर आहे त्याची काळजी कोण घेईल?

दुसरा मुद्दा याहून भक्कम आहे. तो मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. मराठी ‘अमूर्त’ची बाजू मांडायला मला स्वतःला बसवलं तर मी हाच पुढे करीन. ही सगळी कल्पना मुळात युरोपातली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने १९५० साली आपल्या सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा केला. त्यात देवळं आणि मूर्ती यांच्या जोडीने नाट्य, संगीत आणि कारागिरीलाही संरक्षण दिलं. त्यांनी शब्द वापरला ‘मुकेई बुन्काझाई’. मुकेई म्हणजे आकार नसलेलं. अशा वारशाच्या रक्षणाचा युनेस्कोचा करार त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी, १७ ऑक्टोबर २००३ रोजी झाला, आणि भारत त्यात २००५ साली आला. म्हणजे इंग्रजी शब्दाच्या आधी एक आशियाई शब्द होता, आणि ‘अमूर्त’ त्याला इंग्रजीपेक्षा जवळचा आहे. मग मराठीने नकळत मूळ शब्दच गाठला नाही का?

गाठला, खरंच. पण जपानी लोकांनी पुढे काय केलं तेही पाहायला हवं. कायद्यात शब्द होता निराकार संपत्तीचा, पण ती संपत्ती ज्याच्या हाताशी आहे त्या कुंभाराला, विणकराला, नो नाट्यातल्या नटाला मान्यता द्यायची वेळ आली तेव्हा लोकांच्या तोंडी वेगळाच शब्द रुळला, ‘निंगेन कोकुहो’. म्हणजे माणूसरूपी राष्ट्रीय ठेवा. कायद्याच्या शब्दात माणूस नव्हता, म्हणून लोकांनी तो घातला. सरकारही अशा प्रत्येकाला दरवर्षी वीस लाख येनांचं अनुदान देतं. परंपरेच्या नावाने नव्हे, त्या माणसाच्या नावाने. जपानकडून आपण निम्मंच घेतलं. निराकार घेतला, माणूस तिकडेच राहिला.

आणि खुद्द त्या कराराची व्याख्या तरी काय म्हणते? प्रथा, आविष्कार, ज्ञान, कौशल्यं, आणि त्यांच्याशी जोडलेली साधनं, वस्तू आणि जागा. लोकसमूह ज्याला आपला वारसा मानतात ते. वस्तू आणि जागा व्याख्येतच आहेत. पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांची पितळी-तांब्याची भांडी घडवण्याची कला २०१४ मध्ये याच यादीत गेली. पितळी भांड्यावरचा हातोडा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो. नाशिकच्या गोदाकाठाला धरून कुंभमेळा २०१७ साली गेला. तिथे लाखो माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून पाण्यात उतरतात. स्पर्शाची एवढी दाटी दुसरीकडे क्वचितच असेल. युनेस्कोतही आता या कामाला सर्रास ‘लिव्हिंग हेरिटेज’ म्हणतात. जिथून आपण शब्द घेतला तिथेच तो अपुरा ठरू लागला आहे, आणि आपण मात्र त्याच्या भाषांतराची पवित्रता राखत बसलो आहोत.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. इंग्रजी शब्दाचा शब्दशः अर्थ ‘ज्याला स्पर्श करता येत नाही’. त्याचं सरळ मराठी काय होईल? तो शब्द आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि कोणीही भाषांतरकार तो लिहिणार नाही. लिहूच नये. संस्कृतात स्पर्शाच्या नकाराला एक थोर वंश आहे. कठोपनिषदातलं परमतत्त्व ‘अशब्दम् अस्पर्शम् अरूपम् अव्ययम्’ आहे. गौडपादांनी अद्वैताच्या साधनेला ‘अस्पर्शयोग’ असं नाव दिलं. त्याच धातूपासून, त्याच नकारातून, जिवंत माणसांसाठीही एक शब्द तयार झाला. एकीकडे ज्याला स्पर्श पोचत नाही ते परब्रह्म, दुसरीकडे ज्याचा स्पर्श नको तो शेजारी. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांनी ओंजळीने पाणी प्यायलं, तेव्हा त्या पाण्याला हात लागला एवढाच त्यांचा गुन्हा होता. नंतर तळं ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने ती प्रथा नष्ट केली. शिवाशिव, विटाळ, सोवळंओवळं, ‘कावळा शिवला’, हे शब्द मात्र अजून प्रत्येक मराठी कानाला ओळखीचे आहेत. मराठीत स्पर्श हा शब्द कधीच नुसता त्वचेपुरता नव्हता. त्यामुळे स्पर्श टाळून ‘अमूर्त’कडे वळणारा भाषांतरकार मला समजतो. त्याने एक जखम चुकवली. पण ती चुकवताना जे झालं ते नीट पाहा.

महाराष्ट्राच्या ज्या परंपरा या यादीसाठी आपण अभिमानाने पुढे करतो, त्या कोणाच्या शरीरात राहिल्या? हलगी कोणी वाजवली? तमाशाचा फड कोणी चालवला? गावाची मिरवणूक हलगीच्या मागून चालायची आणि हलगीवाला पंगतीच्या बाहेर जेवायचा. त्याचा नाद चालत होता, हात चालत नव्हता. कातडं कमावणाऱ्याची चप्पल गावभर फिरायची, तो मात्र वेशीबाहेर. म्हणजे कला घ्यायची आणि शरीर दूर ठेवायचं, ही विभागणी आपल्याकडे युनेस्कोच्या कितीतरी आधीपासून चालू होती. आज आपण सरकारी कागदावर त्या कलेला ‘अमूर्त’ म्हणतो, तेव्हा तीच विभागणी सभ्य भाषेत पुन्हा करतो. कला उचलून राष्ट्राची, मानवतेची झाली. जे शरीर काल शिवून घेण्याजोगं नव्हतं, ते आज मोजण्याजोगंही राहिलं नाही. कोणी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. शब्द सोज्ज्वळ मनाने निवडला गेला असेल. पण आपल्या समाजात हा शब्द ज्या जागी येऊन बसला, ती जागा त्याच्यासाठी आधीच खणून ठेवलेली होती.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं पूर्ण नाव उच्चारून पाहा. जात त्या नावातच आहे, त्यांनी ती लपवली नाही. पोटात कळा सुरू असताना त्या वगात उभ्या होत्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, आणि पुन्हा बोर्डावर जायला निघाल्या, ही हकिगत महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २००२ साली त्या गेल्या, आणि शेवटचे दिवस त्यांनी पैशाच्या तंगीत काढले. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. यात अमूर्त काय आहे? ती बाळंतीण अमूर्त होती का? घुंगरांनी सोललेले घोटे अमूर्त होते? लावणी ‘अमूर्त’ म्हटली की प्रश्न लावणीच्या जतनाचे होतात: तिचा इतिहास, तिचे प्रकार, तिचं चित्रीकरण. ती माणसात आहे असं म्हटलं की पहिला प्रश्न वेगळा पडतो. गुडघे गेल्यावर ही बाई खाते काय?

‘पण शब्दाने पोट भरत नाही, आधी मानधन द्या’, असं म्हणणारे चुकत नाहीत. ‘अपंग’चं ‘दिव्यांग’ झालं आणि शेकडो सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या होत्या तशाच राहिल्या, हे आपण पाहिलं आहे. नुसता शब्द बदलून हात झटकणं हा फसवा मार्ग आहे. तरीही ‘महारोगी’ हा शब्द जाऊन ‘कुष्ठरुग्ण’ आला तेव्हा काहीतरी हललं, कारण रुग्ण म्हटलं की औषध आलं, दवाखाना आला. ‘दलित’ शब्दाने एका बाजूने लादलेलं नाव नाकारलं आणि दळणारा कोणीतरी आहे हे वाक्यात आणलं. शब्द योग्य प्रश्न पुढे आणतो की मागे ढकलतो, एवढीच त्याची परीक्षा आहे, आणि अर्जाचे रकाने याच शब्दांवरून आखले जातात. त्या शिबिरातल्या अर्जात कलेचं नाव, उगम, वैशिष्ट्यं, वेशभूषा आणि वाद्यं यांना ऐसपैस जागा होती. कलावंताला नाव आणि गाव यांच्यापुरती एक ओळ होती. तो कोणाकडून शिकला, आता कोणाला शिकवतो, वर्षातले किती दिवस त्याला हे काम मिळतं, हे विचारायला जागाच नव्हती.

मोठा आक्षेप यानंतर येतो, आणि त्याने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. परंपरेला शरीराशी बांधलं की ती जातीशी बांधली जाते. ‘वारसा’ हा शब्दच जन्माचा आहे. बाबासाहेबांनी मेलेली गुरं ओढू नका, वतनाच्या भाकरीवर जगू नका असं सांगितलं. कितीतरी घरांनी हलगी खुंटीला टांगली, पोतराजाचा आसूड टाकला, आणि ते टाकणं हाच त्यांच्या घरचा सर्वांत मोठा अभिमान आहे. अशा वेळी कला शरीरापासून सोडवून मोकळी करणारा ‘अमूर्त’ हा शब्द उलट मुक्तीचा नाही का? कोणीही शिकावी, कोणीही वाजवावी, कोणाच्या कपाळी ती लिहिलेली नसावी.

या म्हणण्यातला न्याय मला पटतो. हलगी कोणीही शिकावी, हे तर मला मनापासून हवं आहे. पण ‘अमूर्त’ने ती मुक्ती खरंच मिळते का? ज्याने हलगी टाकली त्याचा नकार कुठल्या कागदावर येतो? धारक म्हणून ज्याचं नावच नाही, त्याला नाही म्हणण्याचा हक्क तरी कसा असेल? परंपरा हवेत तरंगते असं धरलं की ती कोणी सोडली तरी कोणाला दिसत नाही. ‘लोककला लोप पावत आहे’ असं एक कर्ता नसलेलं वाक्य तेवढं उरतं. लोप पावत नाही, बाबांनो, लोकांनी ती विचार करून खाली ठेवली आहे. आणि ज्यांनी ठेवली नाही, आवडीने, जिद्दीने धरली आहे, त्यांनीही ती विचार करूनच धरली आहे. माणूस दिसला की त्याला जातीत कोंडलं जाईल, ही भीती खोटी नाही. पण माणूस न दिसल्याने तो कोंडवाड्यातून बाहेर आला असं एकदाही झालेलं नाही.

जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, आणि महाराष्ट्रभर संताप झाला. नंतर कंपनीने कोल्हापुरीपासून प्रेरणा घेतल्याचं कबूल केलं. तो संताप मलाही आला होता. त्या आठवड्यात ‘आपला वारसा चोरला’ हे वाक्य मी कितीदा ऐकलं. त्याला आधार होता तो २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे वस्तू, गाव आणि करणारे हात यांना एकत्र बांधणाऱ्या एका कागदाचा. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं आठवडेच्या आठवडे मुरवणारी माणसं, शिवण न दिसू देता पट्टा बसवणाऱ्या बायका, त्यांच्या मजुरीबद्दल मात्र त्या गदारोळात फार थोडे बोलले. ‘आपला’ म्हणताना आपण सगळे वारसदार होतो. पण भागीदार कोण, हे विचारायला वारशाचा शब्दच कमी पडतो.

भाषेचा पुरावा पाहायचा तर मराठीने ज्ञानाला आणि कौशल्याला कधीच बिनशरीर मानलेलं नाही. कसब आलं की आपण हातोटी आली म्हणतो. त्यात तयार झालेल्याचा तो हातखंडा. एखादीच्या हाताला चव असते, एखाद्याला गळा असतो. कविता तोंडपाठ होते, मुखोद्गत होते, काम अंगवळणी पडतं. इंग्रजीतलं ‘ॲबस्ट्रॅक्ट नाउन’ मराठीत आणताना आपल्या व्याकरणकारांनीसुद्धा ‘अमूर्त नाम’ केलं नाही, ‘भाववाचक नाम’ केलं. तिथेही मनाचा धागा सोडला नाही. आणि ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात केवढी हिंमत केली: ‘अरूपाचें रूप दावीन । अतींद्रिय परि भोगवीन । इंद्रियांकरवीं ॥’ जे इंद्रियांच्या पलीकडचं आहे ते इंद्रियांनाच भोगायला लावीन! सातशे वर्षांपूर्वी मराठी ज्या दिशेने निघाली, तिच्या नेमकी उलट दिशा आपण या शासकीय शब्दात पकडली आहे. डोळ्यादेखत, हातासमोर, घामासकट जे आहे त्याला आपण अरूप करतो.

जात्यावरच्या ओव्या हे मला याचं सगळ्यांत दुखरं उदाहरण वाटतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावी फिरून सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून ठेवल्या गेल्या. एवढी मोठी निरक्षर बायकांची कविता जगात फार कमी ठिकाणी जमली असेल. त्या ओव्या का थांबल्या? कोणी बंदी घातली नाही, कोणाला त्यांची लाज वाटली नाही. गावात विजेची गिरणी आली, आणि पहाटेचं ते हाड मोडणारं दळण सुटलं. दळण सुटलं हे चांगलंच झालं. पण दगड फिरायचा थांबला तसा गळाही थांबला. ज्याला अमूर्त म्हणायचं ते त्या दोन दगडांत, खुंट्याला धरलेल्या हातात आणि पुढेमागे झुलणाऱ्या कमरेत होतं. आज ध्वनिमुद्रण ऐकताना शब्द सगळे आहेत, चालही आहे. पीठ मात्र पडत नाही.

मग काय म्हणायचं? ‘अगोचर’ चालणार नाही, मराठीत अगोचर पोर म्हणजे व्रात्य पोर. ‘अतींद्रिय’ म्हटलं की लोकांना भुतंखेतं आठवतात. ‘अंगभूत’ पहिल्यांदा मला फार आवडला होता. पण अंगभूत म्हणजे जन्मासोबत आलेलं, आणि जन्माच्याच तावडीतून तर हे सोडवायचं आहे. ‘जंगम’ सुंदर आहे, किल्ल्यांच्या ‘स्थावर’शी त्याची जोडीही जमते, पण तलाठी कार्यालयात आणि कोर्टात त्याचा अर्थ केव्हाच पक्का झाला आहे. माझ्यापुरता मी ‘जिता वारसा’ धरला आहे. जिताजागता माणूस म्हणतो त्यातला जिता. तो खेड्यात कळतो, शहरात कळतो, आणि त्यात एक धास्ती आहे: जे जितं आहे ते मरू शकतं. ‘जिवंत’ही चालेल. याहून बरा कोणाला सुचला तर मी आनंदाने हा सोडीन. शब्द वरून लादले की काय होतं ते राज्यव्यवहारकोशापासून माहीत आहे. फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द देण्यासाठी शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या त्या कोशातले कितीतरी प्रतिशब्द कोशातच राहिले, आणि ‘अर्ज’, ‘जकात’ लोकांनी सोडले नाहीत. उलट सावरकरांचे ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ असे रुळले की ते कधी नवे होते हे आज आठवतही नाही. ‘अमूर्त’ला अजून लोकांनी घरात घेतलेलं नाही. तो कार्यक्रमपत्रिकेवर आणि अर्जावर आहे. बदलायचा तर आत्ताच बदलता येईल, आणि त्यासाठी एका शासन परिपत्रकापलीकडे काही लागणार नाही. अर्जाचे रकाने बदलायला मात्र जास्त काही लागेल, आणि मला तेच हवं आहे.

त्या शिबिरात संध्याकाळी सादरीकरण होतं. पत्र्याच्या शेडमागे एका हलगीवाल्याने पाचटाची आगटी पेटवली होती आणि तो हलगी तिच्यावर फिरवून तापवत होता, कारण ओलसर हवेत कातडं ढिलं पडतं. सत्तरीचा माणूस. सकाळी त्याचा अर्ज मीच भरला होता. पोरगा वाजवतो का असं विचारलं तर म्हणाला, “न्हाय. त्यो म्हनला मी न्हाय वाजवनार, आन् मी बी म्हनलं नको वाजवू. नातीला मातुर लई नाद हाय.” अर्जात हे कुठे लिहायचं ते मला सापडलं नव्हतं, म्हणून मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. आता त्याने हलगी आगटीवरून उचलली, कानाशी नेऊन बोटाने एक टिचकी मारली, आणि माझ्यापुढे धरली.

“ताई, हात लावून बघा की, तापली का.”

मी तळवा टेकवला. कातडं चांगलंच गरम होतं, आणि मधोमध, जिथे त्याचा हात वर्षानुवर्षं पडला होता, तिथे गुळगुळीत झालं होतं.